ताईची उसंत

बोलणं हा माझा धंदा आहे. तरी आयुष्यात जिथं खरोखर बोलायला हवं होतं, तिथं मी सहा वर्षं मूग गिळून बसलो. आणि त्याच सहा वर्षांत माझ्या बोलण्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी सहा ते दुपारी दोन मी बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत माईकसमोर बसतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, वाटेत कुठं कुठं थांबणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाची म्हातारी आई चौकशीच्या खिडकीपाशी वाट बघत बसलीय, हे सगळं माझ्या तोंडून बाहेर पडतं. बावीस थांबे एका दमात सांगायची मला सवय आहे. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी माझं नाव भोंगा ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पुढं पोस्टरवरही तेच छापलं गेलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लॅबकडे तोंडाचे ठसे पाठवायचे. ताई त्यांत प्लास्टर ओतून जबडा उभा करायची, त्यावर दात बसवायची, मग घासायची, पुन्हा घासायची. जिभेला खरखर लागता कामा नये, एवढं एकच तिचं म्हणणं असायचं. धातूच्या पट्ट्याही त्याच टेबलावर घासल्या जायच्या. टेबलापाशी धूळ ओढून घेणारा एक पाइप होता, पण तो बंद पडून किती वर्षं झाली ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. मालक म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. ताई घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. ते म्हणायचे, आमच्या घरात सगळं घासूनच मिळतं. भाऊजींचे विनोद असेच असायचे, एका वाक्याचे, आणि आठवड्याला एक.

सॅक्सोफोन ताईच्या हातात पडला तो शाळेच्या बँडात. बाकीच्या मुली बँड सोडून गेल्या, ताईनं मात्र लग्न झालं तरी वाद्य सोडलं नाही. घरी वाजवलं की शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून ती रविवारी सकाळी बंद लॅब उघडून तिथं वाजवायची. किल्ली तिच्याकडेच असायची. ती जे वाजवायची तो मऊ, संथ जॅझ, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरत जावी तसा. कुठं घाई नाही, आदळआपट नाही. एकेक सूर ती इतका लांब ओढायची की ऐकणाऱ्याचा जीव गुदमरावा आणि हिला काही नाही.

अशाच एका रविवारी मी तिच्याकडे घराची किल्ली मागायला गेलो होतो. फळ्यांवर दोनशे जबडे आ वासून बसलेले आणि त्यांच्यासमोर ताई डोळे मिटून वाजवतेय. ती श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात मला खोडी काढायची हुक्की आली. मी नाकातून, अगदी ड्युटीवरच्या आवाजात म्हणालो, "फलाट क्रमांक तीन." ताईनं डोळे उघडले नाहीत. तिनं पुढचा सूर लावला, ओढला, संपवला. पुन्हा श्वास घेतला. मी म्हणालो, "जुनी गिरणी, कोर्ट, पाण्याची टाकी." असे आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. मग ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

आमचं सगळं करिअर म्हणजे एवढंच, फक्त दहा वर्षं लांबवलेलं. ती जॅझ वाजवायची, मी हिप-हॉपवाल्यांसारखा रॅप करायचो आणि पायाशी ठेवलेल्या एका छोट्या यंत्रातून ठोका चालू ठेवायचो. इतर लोक वाद्यावर शब्द टाकतात. आमचा नियम ताईनं पहिल्याच दिवशी घालून दिला होता. ती वाजवत असताना माझं तोंड बंद. ती श्वास घेईल तेवढीच जागा माझी. त्या जागेला ती उसंत म्हणायची, आणि जोडीचं नावही आम्ही तेच ठेवलं. उसंत.

प्रत्येक गाण्याचा हिशेब मी वहीत मांडायचो. बसस्थानकात प्रत्येक गोष्ट तारीख आणि वेळ घालून लिहावी लागते, तीच सवय. सुरुवातीच्या पानांवर सगळीकडे एकच आकडा आहे. ताई चोवीस, उसंत आठ. म्हणजे एका दमात ती चोवीस ठोके वाजवायची आणि मग आठ ठोके मला मिळायचे. बारा आणे तिचे, चार आणे माझे. श्वास घ्यायला तिला खरं तर एक ठोकाही पुरे होता, बाकीचे सात ती मला दान द्यायची. पहिल्या रेकॉर्डचं नावच आम्ही 'चोवीस-आठ' ठेवलं. वाचनालयामागच्या हॉलमध्ये, कॉफीच्या दुकानांत, एकदा तर फर्निचरच्या शोरूममध्ये सोफ्यांच्या मधोमध आम्ही ते वाजवलं. लोक ताईला भेटायला यायचे. मला विचारायचे, तुम्ही तिचे मॅनेजर का?

हे मला झोंबायचं. आता लपवण्यात अर्थ नाही. माझ्या डोक्यात पानंच्या पानं भरलेली असायची आणि आठ ठोक्यांत जेमतेम एक वाक्य मावायचं. मी ताईला म्हणायचो, अजून थोडी जागा दे. ती म्हणायची, "जे आठ ठोक्यांत सांगता येत नाही ते तुला अजून समजलेलं नाही." तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी तिनं सूर विसाव्या ठोक्याला सोडला. मी यंत्राकडे बघितलं, मला वाटलं तेच बिघडलं. पुढच्या खेपेलाही वीस. मी वहीत तारीख घातली आणि लिहिलं, ताई वीस, उसंत बारा. रात्री झोप झाली नसेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण बारा ठोके मिळाल्यावर माझं कितीतरी दिवस अडलेलं एक वाक्य पुरं झालं होतं. ते वाक्य घेऊन मी उड्या मारत घरी गेलो.

त्यानंतर ती चोवीसवर कधीच परत आली नाही. एकोणीस झाले, अठरा झाले, वर्षभरात सोळा. आता बत्तीसात अर्धे तिचे आणि अर्धे माझे. सोळा ठोक्यांत कडवं मावतं. जिन्यात राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट मी तेव्हा लिहिली आणि 'जिन्यातला माणूस' हे आमचं पहिलं गाजलेलं गाणं ठरलं. रेडिओवर लागलं, टॅक्सीत लागलं, आमच्या बसस्थानकाच्या कँटीनमध्ये लागलं. एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की सॅक्सोफोन हळूहळू मागं सरतोय आणि शब्द पुढं येताहेत, ही या जोडीची परिपक्वता आहे. मी ते कात्रण काचेच्या खोलीत चिकटवलं. ताईला दाखवलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, बरोबर लिहिलंय.

मला कळत नव्हतं असं नाही. मी मोजत होतो. जगात ताईचा श्वास मोजणारा एकच माणूस होता, तो मी. पण मला तो श्वास वाटतच नव्हता. मला ती जागा वाटत होती. आज ताईनं किती जागा दिली, पुढच्या गाण्यात किती मिळेल, एवढंच माझ्या डोक्यात. कधी मनात पाल चुकचुकली तर मी स्वतःला समजवायचो की वय होतंय, चव बदलतेय, बाई दमून येते. समजूत घालायला तर मी पट्टीचा. शंभर माणसांची गाडी तीन तास उशिरा आहे हे मी रोज गोड आवाजात सांगतो.

आणि मी झाकण्यात तरबेज झालो होतो, ते याहून वाईट. वाजवता वाजवता ताईचा डावा खांदा किंचित वर यायचा. तो वर आला की दोन ठोक्यांत तिचा दम संपणार, हे मला ठाऊक होतं. मी तेवढ्यात शब्द घेऊन आत शिरायचो. तिचा सूर फाटायच्या आत, तिला धाप लागायच्या आत. ऐकणाऱ्याला वाटायचं काय यांचं जुळलंय. खुद्द ताईलाही कधी कळलं नाही की आपला दम संपत होता. तो संपायच्या जागेपर्यंत मी तिला जाऊच देत नव्हतो.

पाचव्या, सहाव्या वर्षी आम्ही गावोगावी फिरलो. मोकळ्या मैदानात तीन-तीन हजार माणसं, आणि पोरापोरींना माझे शब्द तोंडपाठ. ताई बारा, उसंत वीस. पोस्टरवर आधी 'ताई आणि भोंगा' असायचं, ते त्या वर्षी 'भोंगा आणि ताई' झालं. भाऊजी प्रत्येक कार्यक्रमाला ताईची शाल घेऊन शेवटच्या रांगेत बसायचे. त्यांनी ते पोस्टर बघितलं आणि मला विचारलं, छापताना उलटसुलट झालं का? मी म्हणालो, झालं असेल. झालं नव्हतं. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या माणसानं मला आधी विचारलं होतं आणि मी मान डोलावली होती.

त्यात आमच्या तालमी अजून लॅबमध्येच व्हायच्या. मोठा हॉल परवडत होता, पण लॅबमधला आवाज मला आवडायचा. आठवडाभर घासलेली पूड फळ्यांवर, जबड्यांवर, खुर्च्यांवर बसलेली असायची, आणि त्यात ताई पोटापर्यंत श्वास भरून घ्यायची, एकामागून एक, दोन-दोन तास. तिच्याबरोबरच्या बायका नाकाला रुमाल लावून काम करायच्या आणि पाच वाजता घरी जायच्या.

दहाव्या वर्षी थंडीत एका हॉलच्या जिन्यावर ती तिसऱ्या पायरीला बसली. वर कार्यक्रम होता. मी पुढं गेलो होतो, मागं वळून बघितलं तर ती भाऊजींचा हात धरून बसलेली आणि तोंड मासळीसारखं उघडमिट करतेय. त्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. त्यानंतर ती महिनाभर खोकत राहिली, मग आठ-नऊ महिने, आणि मग भाऊजींनी कुणाचं न ऐकता तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई साठीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी ताईला नळीत फुंकायला लावलं, फोटो काढले, पडद्यावर लावून बराच वेळ बघत राहिल्या. दोन्ही फुप्फुसांत पांढरं जाळं होतं. कामाची धूळ आहे, हे त्यांना बघताक्षणीच कळलं. कळत नव्हतं ते एवढंच की हे किती दिवसांचं आहे. त्यांनी विचारलं, धाप कधीपासून लागते? ताई म्हणाली, थंडीपासून. आठ-नऊ महिने झाले. त्याआधी काहीच नव्हतं, मी वाजवते, मला कळलं असतं.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. आम्हाला समजावं म्हणून त्यांनी सावकाश सांगितलं. हा आजार दोन चालींचा असतो. एक मुंगीच्या पावलांनी येतो, त्याला धुळीपासून दूर ठेवणं आणि सांभाळणं एवढाच इलाज. दुसरा महिन्यांत फुप्फुस खाऊन टाकतो. नऊ महिन्यांत एवढं झालं असेल तर तो दुसरा. मग छाती उघडून तुकडा काढून बघावा लागेल आणि जहाल औषधं सुरू करावी लागतील. या अवस्थेत ते ऑपरेशन झेपेलच याची खात्री देता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट, एखादी तपासणी, काहीही आहे का? ताईनं मान हलवली. भाऊजींनीही नकारार्थी मान हलवली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. ऑपरेशन गुरुवारी ठरलं, ताईला तिथंच दाखल करून घेतलं आणि भाऊजींनी कागदावर सही केली.

तो सोमवार होता. मंगळवारी ड्युटीवरून आल्यावर मी वह्या काढल्या. चोवीस, वीस, सोळा, बारा, दहा, आठ. तारखांसकट, माझ्या अक्षरात. डॉक्टरांना जो रिपोर्ट हवा होता तो माझ्या पलंगाखालच्या खोक्यात होता, आणि त्यात ताईच्या आकड्याशेजारी दर वेळी माझाही आकडा होता, तिचा जितका उतरला तितकाच चढलेला. वह्या दिल्या तर ताईला कळणार की मला माहीत होतं. नाही दिल्या तर गुरुवारी तिची छाती उघडणार. इतकं सरळ होतं. तरी मला तो मंगळवार आख्खा लागला, याची मला लाज वाटते.

बुधवारी दुपारी मी डॉक्टरबाईंना एकट्यांना गाठलं. वह्या पुढं ठेवल्या, सगळं सांगितलं, आणि वर विनंती केली की हे ताईला कळू देऊ नका.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पेशंट तुम्ही आहात का?" त्यांनी विचारलं आणि ताईला बोलवायला माणूस पाठवला.

ताईला चाकाच्या खुर्चीतून आणलं, मागं भाऊजी. डॉक्टरबाई म्हणाल्या की नुसत्या आकड्यांवर मी ऑपरेशन थांबवणार नाही, आकडे काय, आज बसूनही लिहिता येतात. रेकॉर्डिंग आहे का? होतं. दर वर्षीचं होतं, तारखेसह छापलेलं. मी फोन टेबलावर ठेवला आणि 'चोवीस-आठ'मधलं पहिलं गाणं लावलं. डॉक्टरबाईंनी हातात स्टॉपवॉच घेतलं.

त्या खोलीत सॅक्सोफोन सुरू झाला. सूर निघाला, वर गेला, तिथंच रेंगाळला, खाली आला, आणि थांबला. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. अठरा सेकंद. त्यांनी ताईकडे बघितलं. "ह्या तुम्ही?" ताईनं मान डोलावली. पुढचं गाणं, दोन वर्षांनंतरचं. पंधरा. मग बारा. मग नऊ. ताई खुर्चीच्या दांड्याला धरून स्वतःला कमी होत जाताना ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. शेवटचं गाणं गेल्या वर्षीचं. ताई सहा सेकंद वाजवून थांबली आणि मग माझा आवाज सुरू झाला, तो चालूच राहिला. डॉक्टरबाई बटणावर अंगठा ठेवून ताईच्या पुढच्या सुराची वाट बघत बसल्या. शेवटी वैतागून त्यांनी विचारलं, "ह्यांचं संपणार कधी?"

मी फोन बंद केला.

त्यांनी कागदावर सगळे आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांच्याशेजारी वर्षं लिहिली, एक रेघ ओढली. सहा-सात वर्षांचं आहे हे, त्या म्हणाल्या, हळूच आलंय. उद्याचं ऑपरेशन रद्द. भाऊजींनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मग डॉक्टरबाई कागद फायलीत घालता घालता सहज बोलून गेल्या की गेलेलं फुप्फुस काही परत येत नाही, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कळलं असतं आणि त्या कामावरून ह्यांना हलवलं असतं तर तिथंच थांबलं असतं. असो. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही मोजलंत ते बरं केलंत.

बाहेर लिफ्टपाशी ताईनं हात पुढं केला. मी वही दिली. तिनं मांडीवर घेऊन पानं उलटली, अगदी सावकाश, बोटानं आकडे घासत. विसाच्या पानावर ती थांबली.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, माझं वाजवणं... लोकांना कंटाळवाणं होतंय. तुला ऐकायला येतात. म्हणून मी आवरतं घेते. असं मी... मनाला समजावलं होतं." तिनं दम घेतला. "सहा वर्षं मी स्वतःला... शहाणी समजत होते."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं.

"एक सांग. जागा वाढत गेली... तेव्हा तुला आनंद झाला होता?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. खोटं माझ्या ओठांवर तयार होतं, ते नेहमीच असतं. पण ताईच्या हातात माझंच अक्षर होतं.

"झाला होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ठसा नीट उतरलाय हे बघून झालं की ती लॅबमध्ये अशीच मान हलवायची. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर... मी वाजवणं सोडलं असतं. नोकरी सोडली नसती." लिफ्ट आली. भाऊजींनी खुर्ची आत ढकलली आणि मी बाहेरच राहिलो. हे तिनं मला सोडवण्यासाठी म्हटलं की खरंच तसं झालं असतं, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. भाऊजींनी त्या दिवसानंतर माझ्याशी एकही विनोद केलेला नाही.

त्याला आता दोन वर्षं होतील. ताई घरीच असते, खिडकीपाशी, नाकात नळी आणि शेजारी गुरगुरणारं हवेचं यंत्र. मध्यंतरी कंपनीचा माणूस माझ्याकडे आला होता. म्हणाला, जोडी मोडायचं कारणच नाही. जुन्या रेकॉर्डवरून ताईंचे सूर उचलू, जोडून घेऊ, हवे तितके लांब करू, वर तू बोल. हिप-हॉपमध्ये हे सगळेच करतात. त्यानं एक नमुना करूनही आणला होता. मी घरी लावून बघितला. ताईचा सूर निघाला तो संपेचना. तीस ठोके, साठ, शंभर, कुठं खांदा वर येत नाही, कुठं श्वास नाही. मी तासभर समोर बसलो आणि मला कुठून आत शिरावं ते सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. फलाट सांगतो, थांबे सांगतो, पिशवी कुणाची ते विचारतो.

रोज दुपारी ड्युटी संपली की मी ताईकडे जातो. ती तीन-चार शब्द बोलते आणि थांबते. भेटायला येणाऱ्यांना ते थांबणं सोसत नाही. ती म्हणते, खिडकी जरा... की शेजारीण म्हणते, उघडू? बंद करू? भाऊजीसुद्धा तिचं वाक्य पुरं करतात, बिचारे मायेनंच करतात, आणि निम्म्या वेळा चुकीचं करतात. ताई मग तसंच राहू देते. मी मात्र थांबतो. ती दम घेईस्तोवर गप्प बसतो, कितीही वेळ लागो, आणि ती स्वतःचं वाक्य स्वतः संपवते. एवढं एक मला आता जमतं.

परवा ती म्हणाली, "तुझं बसस्थानक..." आणि थांबली. मी वाट बघितली. यंत्र गुरगुरत होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. बराच वेळ गेला. दम येऊनही ती बोलेना. मग ती म्हणाली, "बोल की. ही तुझी... जागा आहे."

ती ऐकायला बसली होती, उशीला टेकून, डोळे मिटून, पूर्वी वाजवताना मिटायची तसे. मला हवी तितकी जागा होती. मी तोंड उघडलं, आणि तिला सांगावं असं माझ्यापाशी एक अक्षर नव्हतं. मी विचारलं, दुपारची गोळी घेतलीस का.